ग्रीट म्हणजे रडणं

११ जानेवारी, लोणार
पुष्पांजली मॅडमनी आज पुण्याहून व्हिडिओ कॉलवर माझी चांगलीच हजेरी घेतली. पाश्चात्त्य गायनाच्या प्रवेशपरीक्षेसाठी त्यांनीच मला हे गाणं दिलंय – स्कॉट्स भाषेतली जुनी कविता, पियानोच्या साथीवर बांधलेली. त्यात ‘ग्रीट’ आलं की मी छान हसून गायचे. ग्रीट म्हणजे नमस्कार-चमत्कार, एवढं इंग्रजी मलाही येतं!
“अगं महामाया, तिकडे ग्रीट म्हणजे रडणं. आई लेकराला रडू नको म्हणतेय, आणि तू हसतेस?”
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१३ जानेवारी
दुसरी चूक – मी गाण्यातले स्कॉट्स उच्चार सुधारून ‘शुद्ध’ इंग्रजी करते म्हणे. मॅडम म्हणाल्या, ती बिघडलेली इंग्रजी नाही, त्या लोकांची भाषा आहे. पटलं.
पण गेल्या वर्षी पुण्याच्या शिबिरात मी “मी गातो” म्हणाले, तेव्हा सगळे खो खो हसले, त्याचं काय? आमच्याकडे बायाही असंच बोलतात. तेव्हापासून पुणेकरांसमोर शब्द गाळून गाळून बोलते. ही परीक्षाही पुण्यातच, आणि गाण्यानंतर मुलाखत आहे, तिचीच धास्ती. यंदा हुकलं तर वय उलटेल, मग पुन्हा बसता येणार नाही.

१८ जानेवारी
आईला गाण्याचा अर्थ सांगितला. तुरीच्या शेंगा सोलता सोलता ऐकत होती.
“चांगलं हाय वं. पण तू तं असं गाऊन राह्यली, जसं लेकराले शाळेत दटावून राह्यली.”
रागच आला. मग हसू आलं. मग पुन्हा गायले, हळू.

२४ जानेवारी
घसा बसला. आत्ताच बसायचा होता!

२ फेब्रुवारी, परतीच्या एसटीत
अक्षर हलतंय. घसा वेळेवर सुटला, गाणं मनासारखं झालं. ‘रडू नको’ अगदी हळू म्हटलं, आईसमोर म्हटलं होतं तसं. परीक्षक म्हणाले, शेवटचं कडवं पुन्हा ऐकवाल? आनंदाच्या भरात तोंडून निघून गेलं – “हो, गातो ना!”
कान तापले. परीक्षकांपैकी एक बाई हसल्या, दुसऱ्यांनी काहीतरी टिपून घेतलं. कडवं गायले, पण मुलाखतीत धड बोलताच आलं नाही. माती केली मी. आईला काय सांगू?

९ फेब्रुवारी, लोणार
निवड झाली! पहिल्या मैफिलीत प्रत्येकाने आपापल्या बोलीतली एक कविता गायची आहे. मॅडम म्हणाल्या, “तुझं ‘गातो’ त्यांना फार आवडलं. वऱ्हाडीत लिहिणारा कुणी कवी शोध.”
शोधत कशाला बसू? मीच लिहितो.