चालू मशीन हलवताना

सोमवार, ४ मार्च

बग सापडला! साहेब म्हणत होते, "टेस्टच चुकली असेल." मी म्हणत होते, खोट आपल्याच कोडमध्ये आहे. शेवटी कोण बरोबर निघालं? — मी! नेहमीप्रमाणे.

शनिवारी बालरुग्णालयाचं मशीन — म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक — हलवायचंय. जुना सर्व्हर शेवटच्या घटका मोजतोय. पण मशीन बंद करायची सोय नाही. कुठल्या बाळाला कुठलं औषध किती द्यायचं, सगळं त्यातच. म्हणून चालू असतानाच नव्या सर्व्हरवर न्यायचं.

नवऱ्याला समजावलं — भाडेकरू घरात राहतोय, स्वयंपाक करतोय, आणि आपण त्याचं सामान गुपचूप नव्या घरात मांडतोय. मेमरीचं एकेक पान न्यायचं. नेल्यावर जुन्या घरात त्या पानात काही बदललं की त्यावर खूण पडते, खूण दिसली की ते पान परत न्यायचं. आमची चूक काय? आधी पान नेत होतो, मग खूण पुसत होतो. मधल्या क्षणात काही बदललं तर त्याची खूणही साफ! नव्या घरात जुनंच पान.

आधी पुसा, मग न्या. दोन ओळींची अदलाबदल. नवरा म्हणाला, "एवढ्यासाठी आठवडाभर डोकं खाल्लंस?"

मंगळवार, ५ मार्च

पास. पास. पास. मी कॉलर ताठ करून फिरतेय.

बुधवार, ६ मार्च

नापास! आमचा टेस्टिंगवाला — ऑफिसात त्याला शंकासुर म्हणतात — दारात उभा. "ताई, तुमची टेस्ट झोपलेल्या मशीनवर होती. मी त्याच्यावर नेटवर्कचा मारा केला."

गाढव आहोत आम्ही सगळे. इतकी वर्षं टेस्टमध्ये निवांत मशीन हलवून टाळ्या पिटल्या! नेटवर्क कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितं, म्हणजे खूण पडतच नाही. मागच्या दाराने सामान येतंय आणि पहारेकरी पुढच्या दारात.

चिडले, मग हसू आलं. असा माणूस शत्रूलाही मिळू नये, पण आपल्याकडे मात्र हवाच.

गुरुवार, ७ मार्च

मागच्या दारालाही पहारा बसवला. शंकासुराने दिवसभर छळलं — मारा वाढव, मध्येच तोड, पुन्हा जोड. एकही पान चुकलं नाही. तो नुसता "हं" म्हणाला. त्याच्या तोंडून "हं" म्हणजे पदकच!

शुक्रवार, ८ मार्च

साहेबांचा धीर सुटला. "दोन तास बंदच ठेवू या का?" फोनवर रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरबाई होत्या. त्या म्हणाल्या, "दोन तास? इथे दोन मिनिटांत काय होतं, माहितीये तुम्हाला?"

मी साहेबांच्या हातातून फोन घेतला. "मॅडम, बंद करणार नाही. एक अक्षर हरवणार नाही. जबाबदारी माझी."

साहेबांचा चेहरा एवढासा झाला. मला भीती वाटली नाही. खरंच नाही.

शनिवार, ९ मार्च

गेलं! ऐन गर्दीच्या वेळी, सगळे वॉर्ड चालू असताना. शेवटच्या क्षणी मशीन थबकलं — डोळ्याची पापणी लवावी इतकंच — आणि नव्या सर्व्हरवर चालू लागलं. दोन्हीकडची मेमरी ताडून पाहिली. तंतोतंत. शंकासुराने स्वतःच्या पैशांनी चहा पाजला! हे आधी कधी घडल्याचं कुणाला आठवत नाही.

रविवार, १० मार्च

झोपले. उठले. जेवले. पुन्हा झोपले. नवरा म्हणे, "राणीसाहेब, जागं व्हायचं काय घ्याल?"

सोमवार, ११ मार्च

डॉक्टरबाईंचा फोन आला. भरभरून बोलल्या. "तुमचं खरंच कौतुक. मागच्या वर्षीही तुम्ही असंच चालू मशीन हलवलं होतं ना? तेव्हासुद्धा आम्हाला काही कळलं नाही!"

मी "थँक यू" म्हणाले. फोन ठेवला.

मागच्या वर्षी कोड जुनाच होता. मशीन झोपलेलं नव्हतं. कुठल्या बाळाच्या औषधाचं पान जुनंच राहिलं असेल?

परत फोन लावायला हवा. हात उचलवत नाही.