आत्याबाईंची मशीन परत का आली नाही

दारव्हा, जून १९६४

आदरणीय लीलाआत्याबाईंस,

श्रावणचा जय भीम. (पूर्वी आपल्या घरी पत्रात शिरसाष्टांग घालत. ते सुटलं, तरी या वेळी मान एरवीपेक्षा बरीच खाली आहे असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? कळंबला पाणी आहे का? लोणचं घातलं असेल, पण माझ्यासाठी बरणी पाठवू नका. माझी लायकी नाही.

तुमची शिलाई मशीन पट्टा बदलायला म्हणून तुम्ही एसटीच्या टपावर चढवून माझ्याकडे पाठवली होती. पट्टा मी त्याच दिवशी बदलला. पुढे जे घडलं त्यात मशीनचा काडीचा दोष नाही.

वामनराव मास्तर तुम्हाला ठाऊक आहेतच. त्यांची मुलगी प्रभावती हिच्याविषयी मी काय लिहू? नागपूरचं कॉलेज मी अर्ध्यात सोडून आलो (प्राध्यापकांशी वाद झाला, बरोबर मीच होतो, पण आता त्याचं लोणचं घालू?), आणि आल्या आल्या मास्तरांच्या दारात उभं राहून सरळ तिला मागणी घातली. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "पोरा, जिंदगीत एक काम पुरं करून दाखव, मंग बोलू." इकडे पुसदच्या एका कारकुनाचं स्थळ तिला सांगून आलेलं.

त्याच सुमारास विहाराच्या भिंती उभ्या राहिल्या, पण आत ठेवायला बुद्धमूर्ती नव्हती; नुसती तसबीर. बैठकीत कोणी काही विचारलं नसताना मी उठलो आणि वैशाख पौर्णिमेपर्यंत मूर्ती मी ओतून देतो असं बोलून बसलो. मुंबईच्या कारखान्यात लागलेला माझा मित्र देवसिंग सुट्टीवर येताना रेझिनचा डबा घेऊन आला होता. ही कारखान्यात होणारी राळ. दिसायला काकवीसारखी, वासाला भयंकर. तिच्यात औषध घालून साच्यात ओतलं की दगडासारखी घट्ट होते. पण ओतताना साचा सारखा थरथरत ठेवावा लागतो, नाहीतर आतले बुडबुडे वर येत नाहीत आणि बुद्धाच्या चेहऱ्यावर देवीचे वण उमटतात. म्हणजे थरथरणारं टेबल हवं. ते दारव्ह्यात कुठून आणू? आणि कोपऱ्यात तुमची मशीन माझ्याकडे बघत होती, आत्याबाई.

मशीनचं वरचं डोकं उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवलं (ते सुखरूप आहे). मशीनच्या मोठ्या चाकाला एका बाजूला लोखंडी बोल्ट करकचून बांधला, वर सायकलच्या सीटच्या स्प्रिंगा आणि त्यांवर फळी. पायाखालचा पायटा मारला की चाक एका अंगाला हिसके देई आणि फळी हीव भरल्यासारखी कापे. इतकं सुंदर यंत्र मी पुन्हा करणार नाही.

मूर्तीचा साचा मीच केला होता. त्याला आतून मेण लावावं लागतं, म्हणजे मूर्ती सुटून येते. मी मांडीपासून वर लावत कमरेपर्यंत आलो, तेवढ्यात रस्त्यावरून आमच्या आळीतला बळीराम ओरडला, "काहून रे श्रावण, कॉलेजासारखा बुद्धबी अर्धाच ठेवतं का?" मी तसाच बाहेर धावलो. भांडण चांगलं झालं. परत आलो तेव्हा मेणाचं ध्यानातून गेलं होतं.

पायटा एकसारखा मारायला शिवणाऱ्याचाच पाय लागतो, म्हणून विहाराचं काम समजून मास्तरांनी प्रभावतीलाच पाठवलं. तिची आई विमलताई दारात डाळ निवडत बसली. मी राळ ओतली. प्रभावती माझ्यापासून हातभर अंतरावर, खाली मान, कपाळावर घाम. बुडबुडे केव्हाच संपले होते. मी "थांब" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. त्या उन्हात राळ तापून धुरावली, हिसक्यांनी काठावरून उसळली आणि खाली चाकात, पायट्यात सगळीकडे उतरली.

साचा फोडला तेव्हा मांडी आणि मांडीवरचे हात तेवढे सुटून आले. वरचा भाग साच्यालाच धरून बसला आणि त्याच्याबरोबर फुटला. मास्तरांनी वाकून पाहिलं. "मांडी पक्की बसली हाय. बाकीचं कॉलेजात राह्यलं का?" म्हणाले आणि गेले.

पौर्णिमेला तसबिरीपुढेच वंदना झाली. मी मागे उभा होतो. आत्याबाई, लोक हसले असते तर मी भांडलो असतो. कोणी हसलं नाही. ते दोन हात खरंच सुरेख आले आहेत, आणि तेच बघवत नाहीत. उरलेलं अर्धं मेण लावायचं होतं, फक्त अर्धं.

तुमचा करंटा भाचा,
श्रावण

ता. क. मशीनचं चाक राळेने गच्च धरलं आहे. "पाय माहाच होता, चूक माहीबी हाय," असं म्हणून प्रभावती रोज दुपारी येते आणि खिळ्याने राळ खरवडते. बोलणं फार होत नाही. खरवडण्याचा आवाज होतो.

ता. क. २. खरी विनंती अशी की मशीनची घाई करू नये. उलट "शेवटचा कण निघाल्याशिवाय मशीन घेणार नाही" असं जरा कडक शब्दांत लिहून पाठवावं. ते मी तिला दाखवीन. हे पत्र पेटीत टाकायला तिच्याच हाती देतो. दुसऱ्याचं पाकीट उघडणाऱ्यांतली ती नाही.

आत्याबाई, जय भीम. पाकीट उघडलं नाही. यांनी चिकटवायचंच अर्धवट सोडलं होतं. मशीन गेल्या आठवड्यातच मोकळी झाली. रोज जाताना मीच चाकात राळेची एक ढलपी परत अडकवून जाते. पुसदचे लोक येत्या रविवारी यायचे आहेत. तुम्ही त्याआधी मशीन न्यायला म्हणून या आणि बाबांशी बोला. यांना बोलू देऊ नका. पाकीट मी चिकटवलं आहे.
प्रभावती