गुंतवळ

१४ तारीख, मंगळवार, दुपारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी पाठ आता कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करत नसशीलच, मला माहितीय. पोरीची परीक्षा जवळ आली असेल. तिला म्हणावं, मावशीनं आठवण काढली होती.

पत्र बघून तू म्हणशील, हिला काय झालं, दिवसभर जगाचे फोन घेते आणि बहिणीला पत्र लिहिते. पण फोन कानाला लागला की माझा आवाज आपोआप कामावरचा होतो. शांत, गोड, घाबरू नका वगैरे. त्या आवाजात मला हे सांगायचं नाही.

कामावर ठीक चाललंय. ॲम्ब्युलन्सच्या दोन नव्या गाड्या आल्या, खुर्च्या मात्र त्याच मोडक्या. साहेबांनी आता एक वही काढलीय. लोक फोनवर ठिकाणांची जी बोलीतली नावं सांगतात ती सगळी त्यात लिहायची, पुढे अर्थ लिहायचा, म्हणजे नव्या बायका गोंधळणार नाहीत. मी सगळ्यांत जुनी, म्हणून ते काम माझ्या गळ्यात. काल 'ग' वर आले. नवीन आलेल्या बाईनं विचारलं, "ताई, गुंतवळ म्हणजे काय हो? लोक सारखं म्हणतात."

मी लिहिलं: एक, विंचरताना फणीत निघणारा केसांचा गुंता. दोन, महामार्गावरचे एकावर एक वळसे घेणारे पूल, चौक क्रमांक सात.

तुला आठवतं ना गं ते? आपल्या मागच्या खिडकीतून ते नवे पूल दिसायचे. चार मजले, फिरून फिरून तिथंच येणारे रस्ते. आई तुझी वेणी घालत होती. बाहेर बघून म्हणाली, "कुणी बया डोकं विंचरून गुंतवळ तसंच टाकून गेली." तू इतकी हसलीस की सगळी वेणी सुटली आणि आईनं फणीच मारली तुला. दुसऱ्या दिवशी तू ते शाळाभर केलंस. बघता बघता बसवालेसुद्धा 'गुंतवळवाले उतरा' म्हणायला लागले. आपल्या आईचा शब्द अख्ख्या गावाच्या तोंडी गेला. आपण दोघी किती मिरवायचो.

दोनवर मी पेन खाली ठेवलं. तीन लिहायचं राहिलं.

ताई, भावोजींच्या अंत्यविधीला त्यांच्या कामावरचा तो टकल्या काय म्हणाला ते मी ऐकलं होतं. "जन्मभर रस्त्यावर बाण रंगवले, आणि शेवटी बिचाऱ्याला स्वतः कुठंय ते सांगता आलं नाही." तूही मान हलवलीस. परवा पोर फोनवर मला म्हणाली, "मावशी, बाबांनी बरोबर जागा सांगितली असती तर वाचले असते ना?" मी म्हटलं, अपघातात माणूस गोंधळतो गं. असं म्हटलं मी. माझी जीभ झडायला हवी होती.

आमच्या नोंदीत 'फोन करणाऱ्याने ठिकाण चुकीचे सांगितले' असं लिहिलंय. ते मी लिहिलंय. भावोजींचा तो फोन मीच घेतला होता. तुला मी सांगितलं, दुसऱ्या बाईनं घेतला. खोटं सांगितलं.

तू लग्न करून गावाच्या त्या टोकाला गेलीस, तिथं पुढे अकरा नंबरचा चौक झाला, तसलाच वेटोळ्यांचा. माझ्याच घरी चहा पिताना तू म्हणाली होतीस, "आता आमच्याकडेपण एक गुंतवळ झालंय." मी हसले होते. तू माहेरून शब्द घेऊन गेलीस आणि तुमच्या घरात गुंतवळ म्हणजे अकरा नंबर झालं. भावोजी तुझ्याकडूनच शिकले. मला हे माहीत होतं. त्या दुपारी आठवलं नाही.

नियम असा आहे की कुणी काहीही नाव सांगो, जवळच्या खांबावर रंगवलेला नंबर विचारायचाच. मी वीस वर्षं विचारलाय. लोकांनी शिव्या घातल्या तरी विचारलाय. भावोजींना विचारला नाही, कारण घरचा माणूस होता, घरचा शब्द होता. मला वाटलं, मला कळलं. गाडी सात नंबरवर पाठवली. तिथं काहीच नव्हतं. एका ट्रकवाल्यानं अकरावरून फोन केला तोवर एकतीस मिनिटं गेली होती.

आणि ताई, अकरावरच्या खांबांचे नंबर भावोजींनीच रंगवले होते. त्यांना ते सगळे पाठ होते. मी विचारायचा अवकाश होता.

साहेबांनी नोंद वाचून सही केली, रेकॉर्डिंग कुणी ऐकलं नाही. मेलेल्या माणसावर ढकललं की कुणी भांडायला येत नाही. तू दोनदा मला विचारलंस, त्यांचा शेवटचा आवाज ऐकायला मिळेल का. मी म्हटलं, पुसला गेला. पुसला नाहीये. सहा महिने ठेवतात, या तीस तारखेला पुसतील. मला फक्त सोळा दिवस गप्प बसायचं होतं.

सोबत ते रेकॉर्डिंग मागायचा अर्ज आहे. तो फक्त बायकोच करू शकते. बाकी सगळं भरलंय, सहीच्या जागी पेन्सिलीनं खूण केलीय. आमच्या मुख्य ऑफिसात मोठ्या साहेबांकडे दे, आमच्या साहेबांकडे नको. माझ्या नोकरीचं काय होईल ते होवो, त्याचा विचार तू करायचा नाहीस.

रेकॉर्डिंगमध्ये आधी भावोजी आहेत. आवाज अगदी स्वच्छ आहे. "कोण, बारके, तूच का? बरं झालं बाई. गुंतवळावर आहे, पाय अडकलाय." मग मी आहे. "कळलं भावोजी, गाडी निघालीच." संपलं.

पोरीला शेजारी बसवून ऐकव. तिचा बाप रस्ता चुकला नव्हता, एवढं तिला कळलं पाहिजे. मग माझ्याशी बोलायचं की नाही ते तुम्ही दोघी ठरवा. नाही बोललात तरी मी फोन करून विचारणार नाही.

वहीत आज सकाळी तीन लिहिलं. चौक क्रमांक अकरा. पुढे लिहिलं, कुठलं ते विचारा.

त्यांनी शेवटची हाक मारलेली,
बारकी