बारशाला चवळी

प्रिय कान्कू,

रोज एका बाकावर बसतो आपण, आणि तरी मी तुला पत्र लिहिते आहे, म्हणून हसशील. खुशाल हस. तोंडाने सांगायला गेले की माझी जीभ टाळूला चिकटते, आणि तू लगेच डोकं कलतं करून विचारतेस, "काय झालं असेतू, बरं वाटत नाही का?" तुझा तो मऊ आवाज ऐकला की मला बाकाखाली जाऊन बसावंसं वाटतं.

आधी बातमी देते. मला भाऊ झाला, गेल्या गुरुवारी. आई बरी आहे. तो रडायला लागला की अख्ख्या गल्लीला कळतं. आजी म्हणाली, नाक कुलिबालींचं आहे पण भूक मेली केईतांची! असं म्हणून तिने दाराकडे पाहिलं. एरवी तुमचं आडनाव निघालं की तू दारात उभीच असतेस आणि उलट उत्तर देतेस. या वेळी दारात कोणी नव्हतं. आजी बाळाला पुसायला लागली.

तुला दुसरीतला पहिला दिवस आठवतो का गं? सरांनी माझं आडनाव वाचलं आणि तू ताडकन उठलीस. "सर, हिला माझ्याजवळ नका बसवू. हे कुलिबाली म्हणजे चवळीखाऊ लोक, वर्गात वास सुटेल!" ओळख ना पाळख! मीही काय कमी? म्हटलं, "ही केईताच असणार! हिचे पणजोबा आमच्याकडे भांडी घासायचे, सर. हिलाही घासता येतात का विचारा." सर इतके हसले की हातातला खडू पडला, आणि त्यांनी आपल्याला मुद्दाम एकाच बाकावर बसवलं. आजी नेहमी सांगते, केईतांनी कुलिबालींना काय वाट्टेल ते बोलावं आणि कुलिबालींनी केईतांना. वाडवडिलांपासून चालत आलंय ते. फक्त रागवायचं नाही. ज्याला राग आला, त्याचंच नाक कापलं गेलं.

आणि मी रागावले. तेही आमच्याच अंगणात, घरच्या सगळ्यांसमोर.

तुला एक गोष्ट माहीत नव्हती, कारण मी ती लपवली होती. बाबांच्या गाडीचं इंजिन बसलं आणि मालकाने ती भंगारात काढली. बाबा दुपारी घरी कसे, असं तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, रजेवर आहेत. ड्रायव्हरला कसली आलीय रजा! तेव्हापासून आमच्याकडे सकाळी चवळी, संध्याकाळी चवळी. वर्गात तू चवळीवरून बोललीस की मी सगळ्यांत मोठ्याने हसायचे. लाज मात्र वाटायची. चवळीची की खोटं बोलण्याची, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

त्या दुपारी तू नेहमीसारखी न विचारता आत आलीस, हात धुतलेस, परातीवरचं झाकण उचललंस आणि टाळ्या पिटत ओरडलीस, "सापडले! सापडले रंगेहाथ! बघा, हे कुलिबाली चोरून चवळी खातात!" तुझी काही चूक नव्हती. एरवी बाबाच सगळ्यांत आधी हसले असते. पण त्या दिवशी ते न जेवताच उठले आणि मागच्या दाराने बाहेर गेले. त्यांची पाठ पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. मी तुला म्हटलं, "चालती हो इथून. पुन्हा येऊ नकोस." आजीने तोंडावर हात ठेवला. केईताला कुलिबालीने दार दाखवलेलं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुझ्या आईने तांदूळ पाठवले. तुला सगळं कळलंय, हे मला तेव्हा कळलं. भाताला नावं ठेवणारी मी कोण? आम्ही तो मिटक्या मारत खाल्ला. पण त्या दिवसापासून तू माझ्याशी चांगली वागतेस, कान्कू. मला खिडकीकडची जागा देतेस. माझी वही उचलून ठेवतेस. परवा सरांनी फळ्यावर 'चवळी' लिहिलं, सगळा वर्ग आपल्या दोघींकडे वळला, आणि तू खाली मान घालून पेन्सिलीला टोक काढत बसलीस. तू थट्टा करायचीस तेव्हा आपण बरोबरीच्या होतो गं. आता मी तुझ्या आईच्या तांदळावर जेवलेली मुलगी झाले आहे.

आता पत्र कशासाठी, ते सांगते. या गुरुवारी, आठव्या दिवशी, बाळाचं बारसं आहे. कापायला मेंढा नाही, तेवढे पैसेच नाहीत. बाबा म्हणत होते, दार लावून घेऊ, मौलवींना बोलावू, नाव ठेवू, संपलं. आजी कडाडली, "दार लावून मयतसुद्धा करत नाहीत, आणि तू बारसं करतोस?" आणि तिने मोठ्या पातेल्यात चवळी भिजत घातली. सगळी गल्ली येईल, परातींभोवती बसेल, झाकणं उघडेल. तेव्हा तू ये, कान्कू. मी दार दाखवलं होतं ना, त्याच दारातून ये, तुझ्या आजीलाही आण, आणि सगळ्यांत आधी तू ओरड. म्हण, "शी! या चवळीखाऊंना मेंढा दिला तरी ते चवळीच शिजवतील, बारशालासुद्धा सुटत नाही यांची चवळी!" वाटेल ते बोल, बाबांना बोल, बाळालासुद्धा बोल. तू बोललीस तर लोक पोट धरून हसतील आणि बाबांना उलट उत्तर देता येईल. तू आली नाहीस तर सगळे मुकाट्याने जेवतील, आणि जाताना बाबांचा हात हातात घेऊन म्हणतील, जेवण छान होतं हं.

तुझीच,
असेतू कुलिबाली