उष्टी सिगारेट

२ फेब्रुवारी
पालेगावात राहायला आले. चौथा मजला, भरपूर वारा, आणि खिडकीतून अजून शेत दिसतं. बिल्डरची नजर चुकली असावी. मी खूश आहे. २० तारखेला फुप्फुसाचं ऑपरेशन. ४ तारखेपासून तोवर एक जरी झुरका घेतला तर टेबलावर घेणार नाही, असं सर्जनने बजावलंय. पस्तिशीचा पोरगा, मला दम देतो! सिगारेट सोडली की झोप उडेल, रोज लिहून ठेवा, म्हणाला. लिहिते आहे.

३ फेब्रुवारी
आज शेवटची. गेटपाशी शेंदूर फासलेला दगड आहे. कामवाली विठा दर शनिवारी त्यावर बिडी पेटवून ठेवते. तिचा सासरा महिपती पूर्वी हीच जमीन कसायचा. इथेच बांधावर बिडी ओढता ओढता गेला. मला हसू आलं. दोन झुरके मारले आणि उरलेली दगडावर ठेवली. घे बाबा, म्हटलं, मी सुटले.

६ फेब्रुवारी
झोप तीन तास. विठाला ती गंमत सांगितली, तर तिच्या हातातला झाडूच पडला. म्हणाली, काय केलंत बाय, उष्टी दिलीत? म्हातारा जन्मभर एकटाच ओढायचा, सोबतीला कुणी नव्हतं. आता तो त्याची उष्टी तुम्हाला देणार. मी म्हटलं, कॉन्व्हेंटच्या नन्सना मी घाबरले नाही, तुझ्या सासऱ्याला काय घाबरणार!

९ फेब्रुवारी
झोप दोन तास. खिडकीच्या कट्ट्यावर अर्धी बिडी. टोक ओलं. वॉचमनला झापलं. चौथ्या मजल्यावर कोण चढणार आजी, म्हणतो. मुद्दा बरोबर होता, म्हणून जास्तच राग आला. आणि आजी कोणाला म्हणतो?

१३ फेब्रुवारी
खिडक्यांना कड्या. तरी उशाशी, पाण्याच्या पेल्यावर आडवी. धग होती अजून. त्याहून वाईट म्हणजे माझा हात तिच्याकडे गेला. संडासात टाकून पाणी सोडलं. मुलगी मनाली फोनवर म्हणाली, आई, सिगारेट सोडल्यावर भास होतात. भासाची राख पडते का?

१६ फेब्रुवारी
माझ्या वतीने विठाने दगडावर अख्खी बिडी ठेवून माफी मागितली. सकाळी तशीच होती. त्याला बिडी नकोय. सोबत हवीय.

१८ फेब्रुवारी
पलंग एका बाजूला खचतो. कोणीतरी टेकतं. खोकतं. मी जागी असले की थांबतो. डोळा लागला की— ओठांत होती. थुंकली. ओढली नाही. शपथ, नाही ओढली.

१९ फेब्रुवारी
सकाळी सातला हॉस्पिटलची गाडी. एकच रात्र. झोपायचं नाही. उभ्यानेच लिहिते आहे.

तीन वाजले. जरा टेकले, एवढंच—

ओठांत आहे. पेटलेली. थुंकता येत नाही, हनुवटीखाली खरखरीत अंगठा. नाक दोन बोटांत. घट्ट. आता तोंडानेच—

श्वास रोखलाय. मोजते आहे. एकतीस. बत्तीस. तो शेजारी. घाई नाही त्याला.

मनाली, डॉक्टरला सांग, मी स्वतःहून नाही—

पन्नास. एक्कावन्न. बाव—