त्याच्या डब्यात तिच्या दशम्या

माय, विमान तासभर उशिरा आहे. काउंटरवरच्या मुलीनं आत्ताच तसं खात्रीनं सांगितलं. त्याआधी दारावरच्या माणसानं अर्धा तास सांगितला होता आणि शेजारच्या गृहस्थांनी ‘काही सांगता येत नाही’ असं, म्हणून मी उठून तिलाच विचारून आले. हैदराबादहून येणारं विमानच आम्हाला परत घेऊन जाणार आहे आणि ते तिथून आत्ता कुठं निघालंय. मी चिकलठाण्याच्या विमानतळावर बसले आहे, मांडीवर वही आहे. जन्मभर बातम्या लिहिल्या, त्यामुळं कुठंही बसून लिहिता येतं. समोर काचेला नाक लावून तुझा पणतू आणि तुझी पणती उभी आहेत. तो सहा वर्षांचा, ती चार. सामानाची गाडी गेली तरी दोघं ओरडतात, झाडू मारणारा माणूस गेला तरी ओरडतात. त्यांना ओरडू नका म्हणून सांगायला हवं, पण मीच दर पाच मिनिटांनी उठून काचेपाशी जाऊन येते, मी काय सांगणार?

ती ज्या काचेतून बघताहेत, तिच्या पलीकडं धावपट्टी आहे, धावपट्टीच्या पलीकडं तारेचं कुंपण, आणि त्या कुंपणाबाहेरच्या माळावर तू मेंढरं चारली आहेस. आठवतं? आपला कळप फुलंब्रीकडून उतरून इथवर आला होता आणि डोक्यावरून एक विमान इतकं खाली आलं की मेंढरं फुटून चारी दिशांना पांगली. तू काठी वर करून त्याला शिव्या घातल्यास, “आरं मुडद्या, तुला हितंच जागा घावली व्हय?” सगळी मेंढरं गोळा होईपर्यंत दुपार झाली. मग लिंबाखाली टेकलीस आणि एकदम मला विचारलंस, “त्यात बसलेल्या मानसांला भूक लागत आसंल का गं? का तिकडं वर भूकच लागत नाय?” मी शाळेत जाणारी, मला सगळं माहीत असायला हवं. मला माहीत नव्हतं. आता सांगते, लागते. परवा माझ्या लेकीनं फोनवर बजावलं, “आई, छोटं विमान आहे, मुलांच्या जोगतं काही मिळेलच असं नाही. त्यांचं खाणं तू बांधून घे.” हे ऐकल्यापासून मी जी कामाला लागले, ती काल संध्याकाळपर्यंत.

माझी लेक तू पाहिली नाहीस, ती व्हायच्या आधीच तू गेलीस. तिनं आणि जावयानं दोन महिन्यांपूर्वी हैदराबादला नोकऱ्या धरल्या. घर लागेपर्यंत पोरं माझ्याकडं ठेवली. थोरल्याचं काही नाही, तो दगड दिला तरी चावून बघेल. धाकटीनं मात्र आई गेली त्या दिवशी जे तोंड मिटलं, ते माझ्या हातानं भरवलं तरच उघडायचं असं ठरवून टाकलं. शेजारणीनं भरवून पाहिलं, नाही. फोनवर तिच्या आईनं लाडीगोडी लावली, नाही. मी ऑफिसातून यायची वाट बघत ती उंबऱ्यावर बसून राहायची, तोंडात बोट घालून. आता घर लागलं आहे, सोमवारपासून ती तिथल्या पाळणाघरात जाणार, आणि मी पोरांना पोचवून रविवारी परत येणार. लेक म्हणते, “आई, तिथं वीस पोरांमागं दोन बाया आहेत. हिला कोण भरवत बसणार? ही उपाशी राहील गं.” मी म्हणाले, “खाईल.” ती म्हणाली, “तू कशावरून सांगतेस?” मी म्हणाले, “प्रवासात बघू.”

मग मी बांधाबांधीला लागले. विमानात द्यायचं म्हणजे सांडणारं नको, चिकटणारं नको, पुढच्या-मागच्या माणसानं नाक धरावं असं वासाचं नको. चिवडा बाद, कारण तो सगळ्या विमानभर झाला असता. केळी दबतात. दही, ताक आत नेऊ देतील की नाही, याचा भरवसा नाही. राजगिऱ्याच्या वड्या घेतल्या, काकडीच्या फोडी घेतल्या, विमान वर चढताना कानात दडे बसू नयेत म्हणून चघळायला आवळकाठी घेतली. पण पोट भरायला काय, तिथं घोडं अडलं. आणि मग तुझी दशमी आठवली. ज्वारीचं पीठ दुधात, जरासा गूळ, पाण्याचा थेंब नाही. दोन दिवस मऊ राहते, भुगा होत नाही, पोराच्या मुठीत बसते. किती वर्षांत केली नव्हती! पहिली तव्यावर फाटली, दुसरी करपली. थोरला ओट्याला लोंबकळून बघत होता. “आज्जी, ही बिस्किटं आहेत का?” म्हणाला. मी म्हणाले, “ही मेंढपाळांची बिस्किटं.” त्यानं करपलेली खाल्ली आणि अजून एक करपव म्हणाला. तिसरीपासून हात बसला. वाटीनं कापून गोल गोल चांदक्या केल्या. गुलमंडीवरून झाकणाला खिटी असलेले दोन डबे आणले होते, पोरांना स्वतः उघडता येतील असे. दोन्ही ओट्यावर ठेवले आणि त्याच्या डब्यात त्याच्या दशम्या घालायला हात पुढं केला, तसा तुझा आवाज कानात आला. “तसं बांधू नाय.”

तू कधीच तसं बांधलं नाहीस. आम्ही दोघं बहीणभाऊ मेंढरांमागं निघालो की माझी भाकर त्याच्या खांद्याला आणि त्याची माझ्या खांद्याला. मी चिडून विचारलं होतं, माझी मला का देत नाहीस? तू म्हणालीस, “एक जातंय टेकडीच्या अल्याड, एक पल्याड. ज्याची त्याला दिली तर दोघं दोन्हीकडं बसून गिळतेली आन् संध्याकाळपस्तोर एकमेकाचं तोंड बघनार नाय. अशी दिली तर भूक लागली की हुडकीत येतेली.” आणि खरंच, ऊन माथ्यावर आलं की मी त्याला हाका मारायचे आणि तो मला. भांडण झालेलं असलं तरी. भांडण झालेलं असलं तर जरा जास्तच मोठ्यानं.

दादा, म्हणजे आमचे वडील, वाळूजला कामाला लागले, ते वर्ष. तिथं माळरानावर एकेक कारखाना उभा राहत होता आणि गावातली माणसं काठी टाकून शिफ्टला जायला लागली होती. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन वर्षं झाली होती, नाव मात्र लागत नव्हतं, आणि त्यासाठी माणसं रस्त्यावर बसत होती, मार खात होती. विरोधात वस्त्या जाळल्या गेल्या होत्या, हे मला पुढं नोकरीत जुने अंक चाळताना नीट कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की एसटी कधी जाते, कधी जात नाही. सुट्टीत तू आम्हाला दादांकडं पाठवलंस. मेंढ्या व्यायला झाल्या होत्या, तुला हलता येत नव्हतं. कंडक्टरला म्हणालीस, “भाऊ, येवढी स्टँडवर उतरून द्या, त्यांचा बाप हुबा आसंल.” आणि नेहमीसारख्या दोन फडक्यांत दशम्या बांधल्यास, माझ्या त्याच्याकडं, त्याच्या माझ्याकडं. हर्सूलच्या अलीकडं रस्ता अडवलेला होता. गाड्यांची रांग लागली. ऊन असं की पत्र्याला हात लावता येईना. माणसं उतरली, आमचे बंधू पण उतरले आणि दिसेनासे झाले. मी रडायच्या बेतात होते, पण भूकही लागली होती, म्हणून त्याचं फडकं छातीशी धरून हाका मारत सुटले.

तो सापडला थेट रस्त्यावर बसलेल्या पोरांमध्ये. विद्यार्थी होते, घोषणा देऊन त्यांचे आवाज बसले होते. एकानं त्याला आपल्या कळशीतलं पाणी पाजलं होतं आणि हा पठ्ठ्या त्याच्याशेजारी मांडी घालून बसला होता. फडकं सोडलेलं. “काय बांधलंय रं मायनं?” तो विद्यार्थी विचारत होता, आणि हा त्याच्या हातावर दशमी ठेवत होता. माझी दशमी! मलाही त्यानं पाणी दिलं. “तुझा भाऊ लई मोठ्या मनाचा हाय,” म्हणाला. मी म्हणाले, “त्याचं काय जातंय, ती माझी हाय.” ती सगळी पोरं हसली. मग त्यांच्यातल्याच एकानं आम्हाला हात धरून बसपर्यंत आणून सोडलं.

घरी परतल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर चुगली. तू कोकराला पाजणाऱ्या मेंढीचे पाय धरून बसली होतीस. सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “त्यानं तुझी दिली. तुझ्याकडं त्याची व्हती नव्हं? तू ती द्यायची.” एवढ्यात शेजारची काकू आली, तिच्या कानावर गेलंच होतं. “काय गं, पोरांनी कुनाच्या हातचं पानी प्यालं म्हनं?” तिनं ज्या सुरात विचारलं, तो सूर मला त्या वयातही कळला. तू मान वरही केली नाहीस. “तहान लागली तवा ज्यानं दिलं त्याच्या हातचं. आता काय वकून काढू का?” मग मेंढी सोडून उठलीस, हात झटकलेस आणि मला म्हणालीस, “तो पोरगा सकाळपून उन्हात बसला व्हता ना? मग एक दशमी कशी पुरंल त्याला?”

तर काल मी हात मागं घेतला आणि त्याच्या डब्यात तिच्या दशम्या घातल्या, तिच्या डब्यात त्याच्या. आज सकाळी स्वयंपाकघरात सराव घेतला. दोन खुर्च्या शेजारी, कारण विमानात दोघांच्या जागा शेजारी आहेत. मी समोर, मधे थोडी वाट सोडून, कारण माझी जागा पलीकडच्या बाजूला आहे. थोरल्यानं विमानाचा आवाज काढला, पट्टे बांधले, म्हणजे माझ्या दोन ओढण्या. मग खिटी काढून त्यानं दशमी तिच्या तोंडापुढं धरली. तिनं तोंड मिटलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. तो म्हणाला, “मग माझा डबा दे.” ती म्हणाली, “नाही देणार.” “तो माझा आहे!” “माझ्याकडं आहे!” त्याला भूक लागली होती आणि त्याचं जेवण तिच्या मांडीवर होतं. शेवटी त्यानं दशमीचा एवढासा तुकडा मोडला आणि म्हणाला, “तू एक खा, मग तू मला एक दे.” माय, तिनं तोंड उघडलं! दोन महिन्यांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातचा घास. चावला, गिळला, त्याला एक दशमी काढून दिली. मी टाळ्या वाजवल्या आणि तिथंच चुकले. ती खुर्चीवरून उतरून माझ्याकडं आली, “आता आज्जी भरव.” तेव्हा एका घासावरून काही सिद्ध होत नाही. पण एक घास म्हणजे काहीच नाही, असंही नाही.

सकाळपासून माझं काय झालंय ते यावरून बघ, की तुझ्या रितीनं मी डब्यांच्या पिशवीत कोळशाचा खडाही टाकला. आमच्या घरी कोळसा कुठून असणार? कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून मागून आणला. तपासणीत पिशवी बाजूला काढली गेली. गणवेशातल्या बाईनं खडा चिमटीत धरून विचारलं, “ये क्या है, मॅडम?”

“कोयला.”

“खाने में कोयला?”

एवढी वर्षं मंत्र्यांना प्रश्न विचारणारी मी, उगाच पिशवीचा बंद ओढत राहिले. धाकटी पुढं झाली आणि म्हणाली, “नजर लागते ना!” त्या बाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, “हमारे उधर लोहे की कील रखते हैं. अच्छा हुआ, आप वो नहीं लाईं.” कोळसा कचऱ्याच्या डब्यात गेला, दशम्या आत आल्या. थोरल्यानं विचारलं, “आज्जी, कोळसा विमानात घालायचा होता का?” त्यावर धाकटी म्हणाली, “वेडा! विमान पंख्यावर चालतं.”

आत्ता दोघं किंचाळली. आलं! खरंच आलं, माय, पंख्याचंच आहे, तुझ्या मेंढरांना पांगवणाऱ्यापेक्षाही लहान दिसतंय. सगळी माणसं उठून उभी राहिली आहेत. आता उतरणारे उतरतील, मग आम्हाला बोलावतील. वर गेल्यावर पट्ट्याचा दिवा विझला की थोरला खिटी काढणार, तसं त्यानं मला चार वेळा सांगून ठेवलंय. ती आधी माझ्याकडं बघणार. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायचं ठरवलं आहे. सव्वा तासानं उतरायचं, बाहेर लेक उभी असेल, आणि ती पहिला प्रश्न विचारील तो ‘खाल्लं का?’ हाच असेल. तुलाही तोच पहिला सुचला असता. ही पानं वहीतच राहतील, तुला वाचायला यायचं नाही आणि पाठवायला पत्ता नाही. म्हणून सांगायला हरकत नाही, माझ्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली एक दशमी आहे, पोरांना न दाखवता ठेवलेली. धाकटी उपाशी राहू नये म्हणून ठेवली, असं मी काल स्वतःला सांगितलं. तसं नाही. तिनं एकदा तरी माझ्याकडं तोंड वळवावं, म्हणून ठेवली आहे. नाहीच वळवलं, तर हैदराबाद यायच्या आत ती मीच खाऊन टाकीन.