केशरचा महिना

शिंदखेडा,
२३ नोव्हेंबर १९९८

प्रिय सुगंधा,

हे पत्र तू घरात एकटी असताना वाच. नरपतकडून वाचून घेऊ नकोस. तुला वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढते आहे. तुझं नवं लग्न झालं तेव्हा चुलीपुढे बसून राखेत जोडाक्षरं मीच तुला गिरवायला लावली होती, तेव्हा माझ्या अक्षराची तुला सवय आहे.

इकडे कापसाची वेचणी चालू आहे. आपल्या दोन घरांमधली भिंत यंदाच्या पावसात मधोमध पडली, ती कुणी उभी केली नाही. तुझ्या अंगणातली तुळस आता मला इथून दिसते. तू जळगावला गेल्यापासून मीच पाणी घालते. हे ओसरीवर बसून असतात. सत्तरी झाली, हात थकले, जीभ थकलेली नाही. परवा त्यांनी खुंटीवरचा चाबूक काढायला लावला आणि म्हणाले, तेल लाव त्याला, घोडी येणार. मी लावलं.

म्हणजे तुला नरपतने सांगितलं असेलच. माझा पितांबर आणि तुझा नरपत मिळून सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घोडी घेणार आहेत. लग्नसराईत ती जळगावला नरपतकडे राहील, वरातीत नाचणाऱ्या घोडीला तिकडे मागणी आहे म्हणे. बाकीचे महिने इथे पितांबरकडे. दहा दिवसांवर दत्तजयंती आली, तेव्हा बाजार भरेल, पितांबर त्याच्या आधीच निघायचं म्हणतो. कागद मात्र मी करायचा. नरपत मागच्या खेपेला आला तेव्हा माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाला, मोठी आई, मागचा कागद तूच केला होतास ना, तस्साच कर, म्हणजे आमची भांडणं नकोत. कोरा कागद समोर आहे. मी त्यांना हो किंवा नाही म्हणायच्या आधी तुझ्याशी बोललं पाहिजे. बारा वर्षं बोलायचं राहिलं आहे.

मागचा कागद तुला आठवतो का? त्र्याऐंशी साली वाटणी झाली. शेत, विहिरीचे दिवस, बैल, पितळी भांडी, सगळ्याचे दोन भाग झाले. केशरचे होईनात. ती सासऱ्यांची घोडी. गावात तिच्यासारखं जनावर नव्हतं, उन्हात तिचं अंग तांब्याच्या हंड्यासारखं दिसायचं. दोघे भाऊ अंगणात तिच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि लगाम ओढायला लागले. कुणी सोडेना. तिचा ओठ फाटला, रक्त यांच्या सदऱ्यावर उडालं, ती दोन पायांवर उभी राहिली. मग लोटनभाऊजींनी वखराचं जू उचललं आणि यांच्या खांद्यात घातलं, यांनी त्यांना खाली पाडून छातीवर गुडघा दिला. आपण दोघी दारात उभ्या होतो. तू माझा हात धरला होतास. चुलतसासरे आबा मध्ये पडले नसते तर त्या दिवशीच एक जण गेला असता. आबा म्हणाले, महिनाभर याच्या दारात, महिनाभर त्याच्या, पौर्णिमेला मारुतीच्या पारावर देणंघेणं, आणि लिहू दे आपल्या इंग्रजी शाळेतल्या सूनबाईला.

मी लिहिलं. घोडी देताना पाय, गुडघे, दात, पाठ, डोळे दोघांनी बघायचे. अंगावर नवी जखम दिसली तर देणाऱ्याचा पुढचा महिना बुडाला. हे कलम माझ्या डोक्यातून आलं होतं, आबांच्या नाही. मला वाटलं होतं, या भीतीने तरी तिला कमी मार बसेल. मोठी शहाणी समजत होते स्वतःला.

यांना घोडी चालवता येत नव्हती, सुगंधा. वाकवता तेवढी येत होती. शेतावरून आले की खांबाला बांधून तिला मारायचे. कधी ती अडखळली म्हणून, कधी कापसाला ओल लागली म्हणून, कधी पंचायतीत कुणी उलटून बोललं म्हणून. चाबूक जिथे बसायचा तिथली कातडी आधी थरथरायची आणि मग फुगायची. मारून झालं की हात धुवायचे, जेवायला बसायचे आणि माझ्याशी नीट बोलायचे, भाकरी छान झाली म्हणायचे. हसून म्हणायचे, ही घोडी आणि ही माझी इंग्रजीवाली, दोघी तोंडाच्या कठीण.

ती पहिल्यांदा तुमच्या दारात गेली, तो महिना श्रावणाचा होता. पाचव्या दिवशी हे शेतावरून आले, गोठ्यातल्या खांबाकडे पाहिलं आणि मग घरात आले. तेव्हा मला कळलं की गेली कित्येक वर्षं माझ्या वाट्याचा मार कोण खात होतं. त्या महिन्यात माझं मनगट मोडलं. न्हाणीत घसरले असं सांगितलं. तू हळद-तुरटी घेऊन आलीस, काही विचारलं नाहीस, नुसती मनगटाकडे पाहत बसलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या गड्याच्या, तोतारामच्या हाती केशर आमच्या दारात. पौर्णिमेला अजून दहा दिवस होते. निरोप होता, आमच्याकडचा कडबा संपला. तुमच्या परसात कडब्याची गंजी छपराएवढी उभी होती, ती मला माझ्या खिडकीतून दिसत होती.

तेव्हा मी समजले की तुझ्याही घरात तोच हिशेब आहे. लोटनभाऊजी बाहेर किती गोड बोलायचे, वहिनीसाहेब म्हटल्याशिवाय हाक मारायचे नाहीत. तुझं पोटाचं ऑपरेशन झालं, टाके ओले होते, तेव्हा मी लागोपाठ चार महिने केशरला तुझ्याकडे ठेवली. एकदा सांगितलं आमच्या गोठ्यात साप निघाला, एकदा तिच्या नालाचं निमित्त, एकदा माझ्या माहेरची माणसं येणार. दोघे भाऊ खूश, आपल्यालाच घोडी जास्त मिळते म्हणून. पारावर ठरलेलं एक आणि आपण दोघींनी एक अक्षर न बोलता चालवलेलं दुसरं. आपली वाटणी किती चोख चालली, नाही? कुणाचं अंग किती दुखतं त्यावर घोडी कुणाच्या दारात ते ठरायचं. तिला कुणी विचारलं नाही. मी तिला संध्याकाळी गूळ द्यायचे. ती माझ्या तळहातावरून घ्यायची आणि मी तिच्या पाठीवरचे वळ मोजायचे नाही.

आता शहाऐंशीच्या मार्गशीर्षाचं सांगते. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी यांनी तिला मारलं आणि चाबकाचं टोक डाव्या डोळ्यात गेलं. तिने जो आवाज केला तो मी अजून ऐकते. घोड्याचा आवाज नव्हता तो. हे म्हणाले, काही झालं नाही, पाणी मार. मी पाणी मारलं. डोळ्यावर दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं. मी समोरून बोट नेलं, पापणी हलली नाही. दुसऱ्या दिवशी पारावर द्यायची होती. जखम दिसली की आमचा पुढचा महिना बुडणार. तुमचा महिना, मग आमचा बुडालेला, मग पुन्हा तुमचा. तीन महिने तो खांब रिकामा. माझं मनगट अजून थंडीत ठणकत होतं.

भुसावळच्या शाळेत सिस्टरने मला मण्यांचं भरतकाम शिकवलं होतं. वडील रेल्वेत गार्ड, त्यांची हौस, मुलीने मिशनच्या शाळेत शिकावं. त्या विद्येचा मी असा उपयोग केला. उरलेला दिवस बसून केशरच्या कपाळासाठी लाल-पांढऱ्या मण्यांची झालर विणली, लांब, दोन्ही डोळ्यांवर उतरणारी. सकाळी तिचा डोळा पुसला, खालच्या ओघळावर तुपाचा हात फिरवला आणि झालर बांधली. सणाच्या दिवशी सजवलेल्या घोडीचा साज कोण सोडून बघतो? भाऊजींनी पाय पाहिले, गुडघे पाहिले, दात पाहिले. पाठीवर थाप मारली. म्हणाले, वहिनीसाहेब, घोडी नवरीसारखी धाडली हो तुम्ही. माणसं हसली. मी पण हसले.

चौथ्या दिवशी सकाळी तुमच्या अंगणातून ओरडा आला. मी धावले तेव्हा भाऊजी पाण्याच्या दगडी डोणीपाशी पडले होते. डाव्या अंगाने, काही न बोलता, तिच्या मांडीवर फटका मारत ते गेले; तिला दिसले नाहीत. पहिली लाथ छातीत बसली. ते डोणीवर आपटले, आणि मग ती भ्यायलेली, मागे सरत सरत त्यांच्यावरून गेली. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. जीपमध्ये घालून धुळ्याला न्यायला निघाले, नरडाण्याच्या अलीकडेच संपलं. जीप परत फिरली. यांनी भावाचं तोंड पाहिलं, घरातून कुऱ्हाड आणली आणि बांधलेल्या घोडीवर चालवली. पहिला घाव मानेत, दुसरा खांद्यात. ती लवकर मेली नाही. मग ते तोतारामकडे वळले, मागचे पाय बांधले नाहीस म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याला असं मारलं की त्याचा एक कान कायमचा गेला. केशरच्या कपाळावर माझी झालर तशीच होती. पांढरे मणी उरले नव्हते. चार दिवस झाले तरी ती कुणी सोडली कशी नाही, असं मला वाटलं होतं. तोतारामचा आळस, असं समजले. तू पुढे आलीस, घोडीच्या तोंडावर गोणपाट टाकलंस आणि मग भाऊजींपाशी जाऊन बसलीस. मला वाटलं, केवढं मन हिचं, नवऱ्याला मारलं त्या जनावराचीही कीव करते.

शाळेत ख्रिस्ती मुली रविवारी चॅपलमधल्या लाकडी खोक्यात जाऊन फादरला आपली पापं सांगायच्या आणि धावत बाहेर येऊन लगोरी खेळायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि तेव्हा सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. या बारा वर्षांत तुझ्या पांढऱ्या कपाळाकडे मी सरळ पाहिलेलं नाही. तू जळगावला निघालीस तेव्हा आजारपणाचं सोंग करून घरात बसले, ते यासाठी. तुझा नवरा मी मारला, एका महिन्यासाठी, असं मी रोज स्वतःला सांगत आले. हे तुला कधीतरी सांगायचंच होतं.

पण गेल्या आठवड्यात तोताराम आला. नव्या घोडीची देखभाल करशील का, म्हणून पितांबरने बोलावलं होतं. तो नाही म्हणाला. मग मागच्या दाराने माझ्याकडे आला, चहाची बशी हातात धरून बसला आणि म्हणाला, "अक्का, तो डोया धाकल्या बाईनी पहिलाच दिन देखा व्हता. मालकले सांगू का, इचारं मी. तं म्हनी, नको, झालर सोडू नको, मी सांगसू." म्हणजे तो डोळा तू पहिल्याच दिवशी पाहिला होतास. डावीकडून कुणी गेलं तर लाथ मारेल, हेही त्याने तुला सांगितलं होतं म्हणे. तू रोज भाऊजी बाहेर गेले की झालर वर करून कडुलिंबाच्या पाण्याने डोळा धुवायचीस आणि परत खाली सोडायचीस.

माझा महिना बुडू नये म्हणून तू गप्प राहिलीस, की दुसऱ्या कशासाठी, ते मी विचारत नाही. कधीच विचारणार नाही. त्या दिवशी तोताराम गेल्यावर मी पदरात तोंड घालून रडले, आणि संध्याकाळी, खोटं कशाला सांगू, दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

आता हे पत्र का लिहिते ते सांगते. काल माझी सून पुष्पा पाणी घेऊन आली. हंडा तिने डाव्या हाताने उतरवला. उजवा हात पदराखाली होता. मी तिला म्हटलं, पितांबर घोडीपायी खूळ लागल्यासारखा करतो आहे, तुझं काय मत? ती म्हणाली, अक्का, येऊ द्या ना लवकर, घरात घोडी असली म्हणजे बरं. एवढंच म्हणाली आणि चुलीकडे गेली. मी कोरा कागद फाडला. कागद होणार नाही, आणि नरपतला तू नाही म्हणायचंस. कारण विचारलं तर मोठ्या आईला विचार म्हणून सांग. पितांबरला मी सांगेन, काकूला विचार. गुरुवारी सकाळच्या गाडीने मी पुष्पाला घेऊन जळगावला येते आहे. घरात सांगितलंय, तुझी तब्येत बरी नाही. तेव्हा अंथरुणावर पडून राहा. मी दोन दिवसांनी परत येईन, मला यांच्या जेवणाचं बघायला हवं. ती तुझ्याकडे राहील. तिला शिवण चांगलं येतं, अंगणात ऊन असेल तिथे बसव, गूळ तिला आवडतो. माणसं येतील, गोड बोलतील, पारावर बसवतील. पौर्णिमा आली तरी तिला परत पाठवू नकोस.

तुझीच,
अक्का